जितं प्रवाळ

हैदराबादहून विमान सुटलं तेव्हा उषाच्या मांडीवर विज्ञानाचं पाठ्यपुस्तक होतं. बेटावर जाताना लोक टोप्या नि गॉगल घेतात, माझ्या बायकोनं हे घेतलं. जळकोटच्या शाळेत सव्वीस वर्षं ती 'प्रवाळ हा सजीव आहे' असं शिकवत आली, आणि तिनं पाहिलेलं एकमेव प्रवाळ म्हणजे स्वतःच्या मंगळसूत्रातलं पोवळं. येत्या उन्हाळ्यात ती निवृत्त होणार. त्याआधी तो धडा शेवटचा शिकवायचा, तोही जितं प्रवाळ डोळ्यांनी पाहून, असं तिनं ठरवलं होतं. "न्हाई दिसलं तर धडा दुसऱ्या बाईंना देऊन टाकीन," असंही म्हणाली. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत अंदमान. माझं मत कोणी विचारलं नव्हतं.

पोर्ट ब्लेअरला उतरून जहाजानं हॅवलॉक बेटावर पोचलो. सुपारीच्या बागा, दुपारी चारलाच कलणारं ऊन, आणि खानावळीत भाताचा डोंगर. आम्ही दोघं शाकाहारी. वाढणाऱ्या काकूंना माशाला नाही म्हटलं, तर त्यांनी इतक्या काळजीनं पाहिलं की मला आजारी असल्यासारखं वाटलं. उषानं शांतपणे डब्यातले धपाटे काढले आणि एक त्यांनाही दिला.

पुढचे दोन दिवस समुद्र खवळलेला. होड्या बंद. मी बरं झालं म्हणून नारळपाणी पीत बसलो. उषा मात्र दर तासाला धक्क्यावर जाऊन विचारून येई. तिसऱ्या दिवशी दुपारी आमचं परतीचं जहाज होतं, आणि त्याच सकाळी होडी निघाली.

आमच्या डोंगीचा (तिथल्या लहान मोटरहोडीचा) माणूस निमाईदा, चाळिशीचा, बंगाली, मोठा मायाळू. त्यानं उषाला नारिंगी जाकीट चढवलं, डोळ्यांवर काच बसवली, तोंडात नळी दिली. ती हवेच्या ट्यूबला धरून पाण्यात उतरली. मी फोटो काढायचं निमित्त करून होडीतच थांबलो. आमच्याकडं बादलीपेक्षा खोल पाणी पाहायची सवय नाही, आणि मला ती लावूनही घ्यायची नव्हती.

पहिल्यांदा तिनं तोंड बुडवलं नि खारं पाणी नाकात गेलं. दुसऱ्यांदा ती खोकत वर आली आणि ट्यूब दोन्ही हातांनी आवळून बसली. मला वाटलं, संपलं.

"चेष्टा कीजिए दीदी," निमाईदा म्हणाला. "चेष्टा कीजिए."

उषानं काच वर केली. आमच्या मराठवाडी हिंदीत म्हणाली, "भैया, मेरी चेष्टा नक्को करो."

तो गोंधळला. "मैं क्या करूँगा, दीदी? चेष्टा तो आपको ही करनी है."

ती माझ्याकडं वळली. "ऐकलंत का? माझी मीच चेष्टा करू म्हणून राहिलाय हा. सव्वीस वर्षं पोरं शिकवली म्या. थांब, दाखवतेच याला."

काच खाली ओढली आणि रागाच्या भरात तिनं डोकं पाण्यात घातलं ते घातलंच. मी आकडे मोजायला लागलो. नळीतून श्वास फुसफुसत होता, पण डोकं वर येईना. निमाईदा ट्यूब हळूहळू ओढत राहिला. वर आली तेव्हा राग कुठल्या कुठं गेला होता. ती रडत होती.

धक्क्यावर निमाईदानं खुलासा केला की त्यांच्या बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. उषा इतकी ओशाळली की त्याला उरलेले सगळे धपाटे देऊन टाकले.

परत आल्यावर आठवड्यानं तिच्या वर्गात लॅपटॉप चालवायला मला नेलं. माझे एकशेचाळीस फोटो: नारिंगी पाठ, ट्यूब, पुन्हा नारिंगी पाठ. पोरं खदखदली, तिनं हसू दिलं. पुढच्या बाकावरची एक पोरगी म्हणाली, "बाई, ह्यात प्रवाळ कुठं हाय?"

"फोटोत न्हाई. हे होडीतून उतरलेच न्हाईत."

"मग ते जितं हाय हे कसं कळलं?"

उषानं हात वर केला, बोटं पसरली. "ते असं उघडं होतं. मासा घासून गेला, तसं मिटलं." बोटं मिटली. "मासा गेला. लई वेळ तसंच राहिलं. मग..." बोटं एकेक करून उघडली.

सगळ्या वर्गाचे हात वर गेले. बोटं मिटत होती, उघडत होती. मागं बसून मीही करून पाहिलं. मला माझी बोटंच दिसली. माझ्यापासून जेमतेम पुरुषभर खाली होतं ते, आणि मी होडीत बसून तिच्या पाठीचे फोटो काढत राहिलो.