मागच्या खोलीतला फोन

माझ्या मावशीला उपकार घ्यायला आवडत नाही आणि तक्रार करायला तर त्याहून आवडत नाही. त्यामुळे एकाच आठवड्यात तिने दुसऱ्यांदा बोलावून घेतलं आणि पुन्हा तेच सांगितलं, की फोन बंद आहे, तेव्हा मी वैतागले. फोन बंद नव्हता. मी स्वतः उभं राहून तो चालू करून घेतला होता.

मावशीचं आयुष्य शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करण्यात गेलं. सुई बोटात आणि दुसरी जिभेवर. कोट शिवायला येणाऱ्या बड्या बड्या माणसांना ती पोट आत घ्यायला सांगायची आणि ते घ्यायचे. तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, किल्लीवाले. बाजारातल्या जिन्याखाली त्यांचं फळीएवढं दुकान होतं. जगाची कुलपं उघडणाऱ्या ह्या माणसाच्या स्वतःच्या तोंडाला मात्र कायमचं कुलूप, असं मावशीच म्हणते. आता दुकान सुटलं. काका मागच्या खोलीत असतात, कानशी आणि जुन्या किल्ल्यांच्या जुडग्यांमध्ये.

ह्या घरात एकाच लाइनवर दोन फोन होते. एक स्वयंपाकघरात भिंतीवर आणि दुसरा मागच्या खोलीत, चकती फिरवायचा, काळा, उचलून मारला तर चोर आडवा होईल असा. मागच्या खोलीत कुणी चकती फिरवली की स्वयंपाकघरातल्या फोनची घंटी आपोआप बारीक किणकिणायची. मावशीची मुलगी चिंगी, माझी मावसबहीण, शाळेत असताना मैत्रिणींना चोरून फोन लावायची. आत टिंग झालं की मावशी भांड्यावरचा हात न थांबवता ओरडायची, "चिंगे, ठेव तो खाली." आम्ही दोघी हसून लोळायचो. त्या घरात तेव्हा खूप आवाज असायचा.

आता जुन्या कंपनीने तांब्याच्या तारा गुंडाळायला घेतल्या म्हणून लाइन नव्या कंपनीकडे न्यावी लागली. मावशीची अट एकच होती, नंबर बदलता कामा नये. नंबर राहिला, फोन गेला. कंपनीचा माणूस येऊन भिंतीला भोक पाडून बाहेरच्या खोलीत पांढरा डबा बसवून गेला, आणि रिसीव्हर कानाला लावला तर काहीच नाही. साधी खरखरसुद्धा नाही. मी तार काढून लावली, बदलून पाहिली, घरून माझा फोन आणून जोडला. ग्राहक सेवेतल्या मुलीने मला डबा बंद करून चालू करायला लावला, मग पुन्हा तेच करायला लावलं, आणि अखेर विचारलं की आणखी काही मदत हवी आहे का. आधी एक तरी कर, म्हटलं.

शेवटी तो कंपनीचा माणूस परत आला आणि त्याने अर्ध्या मिनिटात निकाल दिला. भिंतीतल्या तारा आता मेल्या, फोन थेट डब्यातच लावायचा. त्याने स्वयंपाकघरातला फोन काढला, बाहेर स्टुलावर ठेवला आणि डब्याला जोडला. मी मोबाइलवरून लावून पाहिला, तर तो असा खणखणला की मावशी दचकली. झालं. मी सही केली आणि घरी गेले.

म्हणून दुसऱ्यांदा गेले ती भांडायच्या तयारीने. दिवेलागण झाली होती. मावशी अंधारात स्टुलाशेजारी बसली होती. आत ओट्यावर ताटं पालथी आणि शेगडी गार. मी दिवा लावला, मोबाइल काढला, नंबर लावला. फोन वाजला.

"हा वाजतो," मावशी म्हणाली. "संध्याकाळचा वाजत नाही."

मग तिने जे सांगितलं ते ऐकून मी खाली बसले. चिंगी नोकरीच्या गावी वसतिगृहात राहायची. सुट्टीला आली की परत गेल्यावर तिथल्या फोनवरून दोन रिंगा देऊन ठेवून द्यायची. दोन रिंगा म्हणजे पोचले. मावशी तोवर ताटं घ्यायची नाही. एका संध्याकाळी त्या रिंगा आल्या नाहीत. बस घाटातून खाली गेली होती. एवढं मला माहीत होतंच. पुढचं माहीत नव्हतं. चिंगी गेल्यावर काही दिवसांनी, ह्याच वेळेला, स्वयंपाकघरातला फोन टिंग झाला. पुरती रिंग नव्हे, बारीकशी. उचलायला जाईपर्यंत थांबला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तेव्हापासून रोज.

"आता लांबून येते ना," मावशी म्हणाली, "म्हणून आवाज बारीक." ते टिंग ऐकल्याशिवाय तिने इतकी वर्षं एकदाही ताटं घेतली नव्हती. आणि आठवडा झाला, ते आलं नव्हतं. मी पाहिलं, तिचे गाल आत गेले होते. जेवत नाहीस का, असं विचारायची मला हिंमत झाली नाही.

खरं सांगते, मला भीती वाटली. भरल्या घरात, दिव्याखाली, आपल्या मावशीच्या शेजारी बसून अंगावर काटा आला. चिंगीचं नाव त्या घरात कुणी घेत नसे, आणि ती रोज येत होती. काहीतरी करायचं म्हणून मी उठले आणि पेचकस मागायला मागच्या खोलीत गेले.

काका पाठमोरे बसले होते. काळ्या फोनचा रिसीव्हर कानाला होता आणि ते चकती फिरवत होते. एक आकडा, चकती परत येईपर्यंत थांबायचं, मग पुढचा. पूर्ण नंबर लावून ते ऐकत राहिले. फोन मेलेला होता. त्याची तार भिंतीत जात होती आणि भिंत मेली होती.

मला पाहून त्यांनी रिसीव्हर ठेवला नाही. "आठवडा झाला, ती बाई बोलत नाही," ते म्हणाले.

कोण बाई, ते त्यांच्याकडून काढायला वेळ लागला. नंबर वसतिगृहाचा होता. त्या संध्याकाळी रिंगा आल्या नाहीत म्हणून काका हाच नंबर पहाटेपर्यंत फिरवत बसले होते. तो हात मग थांबलाच नाही. वसतिगृह पुढे बंद पडलं, नंबरही गेला. एक ध्वनिमुद्रित बाई सांगायची, की हा क्रमांक अस्तित्वात नाही. काका रोज संध्याकाळी तिचं तेवढं ऐकून घ्यायचे. कुणीतरी उत्तर देतं ना, म्हणाले.

फोन बंद पडल्याचं मावशीला सांगितलं का नाही, असं मी विचारलं.

"कुणाला लावता, असं विचारलं असतं ना तिने."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात ते जुनं टिंग वाजलं. मावशीची लांबून येणारी चिंगी ह्या खोलीतून येत होती. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, तशी मी आठवडाभर बाहेरच्या डब्याशी झटत होते, आणि मेलेला फोन हा होता. मी दोघांनाही काही बोलले नाही. एकाचं सांगितलं तर दुसऱ्याचं हिरावून घेतल्यासारखं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी कंपनीच्या माणसाला पुन्हा बोलावलं. बाहेरची जुनी तार तोडून डब्यातली जोडणी उलटी भिंतीत सोडता येते, म्हणजे घरातल्या सगळ्या तारा पुन्हा जिवंत होतात, हे त्याने नाइलाजाने कबूल केलं. एवढा खटाटोप त्या डबड्यासाठी का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, तू जोड. भिंतीवरचा फोन स्वयंपाकघरात परत गेला.

संध्याकाळी मी आणि मावशी ओट्यापाशी उभ्या होतो. ती काही न करता हातातलं फडकं पिळत होती. बाहेर रस्त्यावरचे दिवे लागले. मग टिंग झालं. थोडं थांबून पुन्हा. चकती परत येईल तसं तसं.

मावशीने डोळे मिटले. मग ताटं उताणी केली.

"पोचली," मी म्हटलं. माझ्या मते मी चांगुलपणा करत होते.

"ती कुठे पोचतेय," मावशी ताट पुसत हळूच म्हणाली. "पहिल्या वर्षी मीही तसंच धरलं होतं. मग एकदा दाराच्या फटीतून पाहिलं. चिंगीला ह्याच घंटीवरून पकडायची मी, विसरलीस?"

मग काल मला ते सगळं का सांगितलंस, असं मी विचारलं.

"मग काय सांगायचं होतं? मला वाटलं, ह्यांनी सोडलं तिला. त्यांनी फोन लावायचं सोडलं, म्हणजे मग ती खरीच गेली." तिने दुसरं ताट पुसायला घेतलं. "त्यांना बोलू नकोस. लाजतील आणि बंद करतील."

मागच्या खोलीचं दार वाजलं. काका हात धुऊन आले आणि माझ्या शेजारी बसता बसता पुटपुटले, बाई नवीन आहे, पण सांगते तेच. मी मान हलवली. मावशी वाढत होती. तिने वर न बघता विचारलं, इतका वेळ काय चाललं होतं आत.

"कानस शोधत होतो," काका म्हणाले.

"सापडली?"

"नाही."

"मग उद्या परत शोधा," मावशी म्हणाली आणि त्यांचं ताट पुढे सरकवलं.