ताईंचं वाढणं

आदरणीय सुजाताताईंची आणि माझी पहिली ओळख 'नको' या शब्दावरून झाली. वाळूजच्या एका कारखान्यात मी नवाच लागलो होतो. पाळी सुटल्यावर त्यांच्या खानावळीत जेवायला बसलो. भाकरी संपली, भूक काही संपली नव्हती. पण स्वतः ताईच वाढायला आल्या, तेव्हा भिडेखातर मी ताटावर हात आडवा धरला. त्यांनी माझा हात अलगद बाजूला केला आणि भाकरी वाढली.

"नको म्हंतोस अन् टोपलीकडं बघतोस व्हय रं?"

घर सोडून आलेल्या मला त्या दिवशी आई भेटली, असं म्हटलं तर कुणी हसू नये.

पुढे कारखाना सोडून मी ताईंकडेच व्यवस्थापक झालो, तो आजतागायत आहे. पत्र्याच्या खोलीतल्या त्या खानावळीची आज वाळूज आणि हर्सूल इथं दोन ऐसपैस भोजनालयं झाली आहेत. समोरचा 'जय भीम' म्हणो की 'राम राम', ताई त्याला त्याच शब्दांत उत्तर देतात आणि एकाच पंगतीत बसवतात. पंगतीत 'आणखी पाहिजे का?' असं विचारायला मात्र बंदी! विचारलं की माणूस लाजतो. आपण जायचं, वाकायचं आणि वाढायचं. एखाद्या वाढप्यानं उभ्या उभ्या ताटात भाकरी सोडली, तर एरवी इतक्या मवाळ असलेल्या ताईंचा पारा चढतो. मला हा निव्वळ हट्ट वाटायचा.

माझी पत्नी बाळंतपणासाठी दवाखान्यात होती, तेव्हा ताईंनी डबा कुणाच्या हाती पाठवला नाही. रोज रिक्षा करून त्या स्वतः यायच्या आणि समोर बसून तिला जेवू घालायच्या. माहेरचं कुणी नसल्याची उणीव तिला जाणवली नाही. ती आजही ताईंचा विषय निघाला की डोळे पुसते.

नाव झालं तशी फ्रँचायझी मागणाऱ्यांची रीघ लागली. ताई सगळ्यांना चहा पाजायच्या आणि नकार द्यायच्या. मग एक दिवस आमच्याकडे वर्षानुवर्षं भाकरी थापणाऱ्या मंगलबाईंनीच विचारलं. त्या कन्नड तालुक्यातल्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. त्यांना गावाकडे परतायचं होतं आणि कन्नडला ताईंच्या नावानं भोजनालय काढायचं होतं. मी त्यांची बाजू घेतली.

"ताई, आपण वाढायला नको का?"

"मी रोजच वाढते की," ताई हसल्या. मग गंभीर झाल्या. "माझी माय लोकांच्या अंगणात जेवायची. तिला वरून भाकर टाकायचे. वाढलं नाय कुणी कधी. माझ्या नावाच्या पाटीखाली कुणी असं टाकलं, तर मी मायला काय सांगू?"

इतक्या वर्षांचा त्यांचा तो हट्ट मला त्या दिवशी कळला. तरीही मी म्हणालो, "पण मंगलबाईंनी जन्मभर तुमच्याच पाटीखाली भाकरी थापायची का? त्यांच्या ताटात आपण काय वाढलं?"

ताई उठून आत गेल्या. मी फार बोललो की काय, या धास्तीत माझी रात्र गेली. सकाळी त्यांनी मंगलबाईंना जवळ बसवून घेतलं.

"नाव घेऊन जा. फक्त वाकून वाढायचं, एवढं कबूल कर."

"तेवढंच तर शिकले, ताई," मंगलबाई म्हणाल्या.

कन्नडचं भोजनालय बाजाराच्या दिवशी सुरू झालं. ताईंसाठी मांडलेली खुर्ची रिकामीच राहिली; त्या बाजारकरूंच्या पंगतीत जाऊन बसल्या. मंगलबाई भाकरी घेऊन आल्या, तेव्हा ताईंनी ताटावर हात आडवा धरला. "लई झालं गं, नको." मंगलबाईंनी तो हात अलगद बाजूला केला आणि वाकून वाढलं. ताई त्या भाकरीकडे पाहत राहिल्या. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलंही नाही. परतताना गाडीत मला म्हणाल्या, "आता आपल्या बायांपैकी कुणी मागितलं, तर देऊ रं."

अमृतमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी ताईंना उत्तम आरोग्य आणि उदंड आयुष्य लाभो. ताई, आणखी वर्षं पाहिजेत का, असं आम्ही विचारणार नाही. तुमच्याच पंगतीत वाढलेली माणसं आहोत आम्ही. तुम्ही कितीही हात आडवा धरा, आम्ही वाकून वाढणार.