मधेच थांबलेली कॅसेट

छपरांवर चढून अँटेना बसवण्यात उमेदीची सगळी वर्षं गेली, म्हणून गल्ली त्यांना अँटेनाकाका म्हणायची. अँटेनाचं दुकान बंद करून नऊ वर्षं झाली, तरी एक टीव्ही, एक व्हीसीआर आणि एकशे चौऱ्याऐंशी कॅसेटी त्यांनी आतल्या खोलीत जपल्या होत्या. बहुतेक सगळे जुने ब्रिटिश भयपट: धुक्यातले किल्ले, करकरणारी दारं, रक्त पिणारे सरदार. शिवाय काही काळ्यापांढऱ्या मालिका. त्यांत कुणी दार आपटलं की सेटची पुठ्ठ्याची भिंतही हलायची. काकांचा त्या भिंतीवर भारी जीव. "घाबरवायला पैसा लागत नाही," ते म्हणत, "सावली कुठे पाडायची ते कळावं लागतं."

त्यांची शिस्त एकच. पाहिलेली कॅसेट शेवटाला गेलेली तशीच ठेवायची. मागे घ्यायची ती पुन्हा पाहताना. एका सोमवारी कपाटातली एक कॅसेट मधेच थांबलेली निघाली. काकांनी ती लावली. सरदार नायिकेच्या मानेवर वाकणार, त्याच्या जरासं आधी थांबलेली. बुधवारी दुसरी, शनिवारी तिसरी. तिन्ही अगदी घाताच्या तोंडावर.

घरात माणसं तीन. काका, शिवणकाम करणाऱ्या काकू आणि बदली झाल्यामुळे महिनाभर राहायला आलेले जावई. जावई दुपारी जेवायला घरी येत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं होतं, "बाबा, या कॅसेटींना आता किती किंमत येईल हो?" तेव्हापासून काकांच्या मनात पाल चुकचुकत होती.

"एकेक तपासून गिऱ्हाईक शोधतोय," ते काकूंच्या कानाशी लागले.

"कोण?"

"कोण म्हणजे? आपलं रत्न."

"काहीतरीच! लेकीला कळलं तर या घराची पायरी चढायची नाही ती."

तीच तर अडचण होती. चोर म्हणावं तर लेक दुरावणार, गप्प बसावं तर जन्माची ठेव जाणार. मग काकांनी सिनेमातली युक्ती केली. व्हीसीआरच्या बटणांवर पावडर भुरभुरवली आणि संध्याकाळी जावयांचा हात धरला.

"भविष्य बघता की काय, बाबा?"

बोटं लख्ख. काकूंची तेवढी पांढरी होती, पण ती कापडावरच्या खडूनं रोजच पांढरी असत. 'हात धुऊन आलाय,' काकांनी ठरवलं, 'पक्का आहे.'

रात्री जेवताना जावई खाली मान घालून म्हणाले, "दुसरीकडे खोली बघितलीय. उद्या दुपारी जातो."

काकांची खात्रीच पटली. दुसऱ्या दिवशी दुपारी बाजारात जातो म्हणून ते निघाले आणि पंधरा मिनिटांत मागच्या दारानं परतले. आतल्या खोलीत टीव्ही चालू होता, आवाज बंद. पडद्यावर नायिका गोठलेली. आणि गळ्यात मापाची टेप अडकवलेल्या काकू पडद्याला नाक लावून कागदावर काहीतरी आखत होत्या.

"तू?"

"बाही बघतेय," काकू दचकून म्हणाल्या. "खांद्याशी चुण्या बघा, किती बेताच्या! आणि हाच झगा त्या दुसऱ्या सिनेमात मोलकरणीच्या अंगावर आहे. कॉलर तेवढी बदललीय."

काका पडद्याजवळ वाकले. तीस वर्षांत हे त्यांच्या नजरेला आलं नव्हतं.

"मग मधेच का थांबवतेस?"

"पुढे रक्त सांडतं त्यावर. इतकं निगुतीनं शिवलेलं, मेले घटकेत नासवतात! मला नाही बघवत."

"मला सांगायचंस तरी."

"तीस वर्षं मढ्यांचे सिनेमे म्हणून नावं ठेवली. आता कुठल्या तोंडानं सांगू? जावयांनी एकदा पाहिलं, तर त्यांनाही शपथ घातली."

काका तसेच पुढच्या दाराकडे धावले. जावई बॅग घेऊन पायऱ्या उतरत होते. काकांनी बॅग धरली.

"संध्याकाळी मालिका लावतोय," ते म्हणाले. "भिंत हलते ती. थांबा ना, जावईबापू."

"आधी बोटं तपासून घ्या, बाबा."

काका ओशाळून हसले आणि बॅग आत घेऊन गेले. कपाटाची किल्ली मात्र त्यांनी खिशातच ठेवली. जावयांनी कॅसेटींची किंमत का विचारली होती, ते अजून कळलेलं नव्हतं.