हिरव्या गोणीचा धागा

शिरूरजवळच्या एका जिनिंग मिलमध्ये अंजनाबाई दिवसभर कापसातले केस अन् प्लास्टिकचे धागे वेचून काढते. असला एक धागा जरी सुतात गेला, तरी त्याच्यावर रंग चढत नाही आणि कापडाचा अख्खा तागा परत येतो. म्हणून कवठे येमाईतल्या आपल्या रानात ती नवऱ्याला, पोपटला, खताच्या प्लास्टिकच्या गोणीत कापूस भरू देत नाही. कापूस जुन्या सुती लुगड्यातच बांधायचा.

काल मिलमध्ये कापसातून हिरवे धागे निघायला लागले. सुपरवायझर बायांवर खेकसला, "तुमच्या गाववाल्यांना अक्कलच नाही!"

अंजनाबाई धुमसतच घरी आली. बघते तर पोपट कोऱ्या हिरव्या प्लास्टिकच्या गोणीत कापूस दाबत होता.

"ही कुठनं आणली?"

"तुझ्या मिलवाल्यांनीच शेतकरी मेळाव्यात गोण्या फुकट वाटल्या की!"

गोणीवर ठळक छापलं होतं, 'स्वच्छ कापूस, आपली जबाबदारी'. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सकाळी तिनं ती गोणी सगळ्या बायांसमोर सुपरवायझरच्या टेबलावर आपटली.

"घ्या साहेब, ही तुमची अक्कल गावभर वाटलीया. आता बसा खाली आन् धागं तुमीच वेचा!"