नाडा धरलेले हात

त्या वर्षी चर्चमध्ये प्रभुभोजनाचे ताट माझ्यापाशी आले की मी भाकर न घेता ते पुढे सरकवीत असे. शेजारी बसलेले वडील तेवढ्यापुरते डोळे मिटून घेत. ते मिशनच्या शाळेत मास्तर होते. मला त्यांनी कधी विचारले नाही. ती भाकर म्हणजे ख्रिस्ताच्या बलिदानाची आठवण; पण माझ्या पापासाठी दुसऱ्याने मरण पत्करले, हे मला पटत नव्हते. मी ते मागितले नव्हते, आणि न मागता मिळालेले एवढे मोठे काही घ्यायची लाज वाटे.

दुष्काळाचा तो उन्हाळा. राहुरीजवळच्या आमच्या गावात एक विहीर खोल करण्याचे काम चालले होते. सुरुंगाच्या वाती पेटवून वर येणे हे माझे काम. बैल छावणीत गेल्यामुळे मोटेचा नाडा माणसेच ओढत. तिघे जण तो जाड दोर घेऊन बैलांच्या धावेच्या उतारावरून चालत जात आणि खालचा माणूस दोराच्या फासात बसून वर येई. तिघांत बबनभाऊ होते, कर्जतकडून कामाला आलेले शेतकरी. आमची ओळख थट्टेपुरती. "मास्तरांच्या पोरा, तुजा देव तरी पानी दावतो का बघ खाली," असे ते म्हणत. जेवायला मात्र सगळे एका झाडाखाली बसत आणि मी दुसऱ्या. माझे पाण्याचे मडकेही वेगळे होते.

उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या दिवशी मी वाती पेटवल्या, फासात बसलो आणि "वढा" म्हणून ओरडलो. निम्म्यावर आलो असताना नाडा सैल पडला आणि मी खाली जाऊ लागलो. वाती धुमसताना दिसत होत्या. करण्यासारखे माझ्या हाती काही उरले नव्हते. तोंडातून "प्रभू" एवढेच निघाले. मग जोराचा हिसका बसला आणि मी अधांतरी थांबलो. थोड्या वेळाने पुन्हा वर सरकू लागलो. काठावर येऊन आडोशाला पडलो, तोच विहीर दणाणली.

वर काय घडले ते नंतर समजले. एकाचा पाय घसरला, तो दुसऱ्यावर आदळला आणि दोघांच्या हातून नाडा सुटला. बबनभाऊंनी सोडला नाही. ते विहिरीकडे फरफटत गेले, मोटेचे पाणी पडते त्या थारोळ्याच्या दगडाला त्यांनी पाय अडकवले आणि दोघे उठून येईपर्यंत मला एकट्याने तोलून धरले. त्यांच्या दोन्ही तळहातांची कातडी सोलून निघाली होती.

दवाखान्यातून त्यांचे हात बांधून आणल्यावर मी विचारले, "बबनभाऊ, सोडला का नाहीत?"

"सोडाय? खाली मानूस हुता की."

"पण तुम्ही मला नीट ओळखतही नव्हता."

"मग वळख काढाय खाली उतरू व्हय रं?" ते हसले, आणि हात ठणकले तसे थांबले.

त्यांना भाकरी मोडता येत नव्हती. मी माझा डबा सोडला, तुकडा आमटीत बुडवून पुढे केला. त्यांनी मान वळवली. कारण मला ठाऊक आहे असे वाटले. म्हणालो, "आमच्या घरची आहे. दुसऱ्या कुणाला बोलावू का?"

"त्ये न्हाई रं. ल्हान पोरावानी तोंड उघडायचं. लाज वाटती."

"मलाही वाटते," मी म्हणालो.

मी कशाबद्दल बोलत होतो ते त्यांना कळण्याचे कारण नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि तोंड उघडले.

ख्रिस्ताचे बलिदान मला त्या दिवशी पूर्ण समजले, असे मी म्हणणार नाही. नाडा एकाच्याच हातात कसा टिकला, याचा खुलासाही माझ्याजवळ नाही. एवढे खरे, की त्या दोराच्या टोकाला मी स्वतःला वाचवले नाही. मी फक्त धरला गेलो. तारण याहून वेगळे काही असेल, असे त्यानंतर मला कधी वाटले नाही. प्रभूचे मी आभार मानतो, तेव्हा ते बांधलेले हात आठवतात.

ईस्टरला, पुनरुत्थानाच्या रविवारी, ताट माझ्यापाशी आले. वडिलांनी डोळे मिटले. मी भाकरीचा तुकडा घेतला आणि ताट त्यांच्यापुढे धरून थांबलो. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले, तेव्हा तुकडा अजून माझ्या तळहातावर होता.