नडगीवरचा खळगा

पाववाल्याच्या पोरीला सगळी गल्ली काडी म्हणायची. दुष्काळाआधीही ती काडीच होती, त्यामुळे उपासमारीला तिच्याकडून न्यायला काही सापडलंच नाही, असं तिचे बाबा थट्टेनं म्हणायचे. बाकी घर मात्र त्या मेल्या उपासमारीनं धुऊन नेलं. आधी धाकटा गेला, मग आई. भट्टी थंड पडली. गल्लीतली कुत्री कुठे गेली, ते विचारूच नका.

बाबांचं मात्र उलटंच. त्यांचे गाल फुगले, पाय चांगले भरले. "बाबा, उपास तुमच्या अंगी लागला की हो!" काडी खिदळायची. बाबाही हसायचे आणि आपल्या वाटणीचं पिठाचं पाणी तिच्या वाडग्यात ओतायचे. पोरच ती, तिला काय कळणार!

परदेशी जाणाऱ्या बोटीसाठी धक्क्यावर रांग लागली. बाबांनी तिला शेजारच्या धोबीणमावशीच्या हाती दिलं आणि स्वतः चार माणसं मागे जाऊन उभे राहिले.

"आता तू मावशीची. मला बाबा म्हणायचं नाही."

"का पण?"

"आजारी माणसाला परत धाडतात, आणि त्याच्या पोराबाळांनाही."

"पण तुम्ही कुठे आजारी आहात?"

बाबांनी मान फिरवली.

पुढे टेबलाशी डॉक्टर एकेकाच्या नडगीवर अंगठा दाबत होता. दाबायचा, उचलायचा, निरखायचा. अगं बाई, हे तर भट्टीवरचंच काम! फुगलेलं पीठ बाबा असंच बोटानं दाबून बघत. खळगा भरून आला तर ठीक, तसाच राहिला तर पीठ वाया गेलं. एका आजीच्या सुजऱ्या पायावर खळगा तसाच राहिला. तिला आणि तिच्या नातीला शिपायानं बाजूला काढलं. काडीनं वळून बाबांचे भरलेले पाय पाहिले. भरलेले कुठले, तेही उपासानं सुजलेले!

तिची नडगी म्हणजे नुसतं हाड. डॉक्टरनं "जा" म्हटलं. मावशीही सुटली. मग बाबांची पाळी आली. अंगठा उचलला, खळगा राहिला. डॉक्टरनं पुन्हा दाबलं, तिथंही राहिला.

"याच्याबरोबर कोण आहे?" शिपाई ओरडला.

"कोणी नाही साहेब, एकटाच आहे," बाबा म्हणाले.

पण काडी रडत होती आणि शिपायानं ते पाहिलं. तो तिच्याजवळ आला. "ए पोरी, हा तुझा कोण?"

मावशीची बोटं तिच्या दंडात रुतली. काडीला वाटलं, पळत जावं आणि बाबांच्या कमरेला मिठी मारावी. मग होईल ते होवो.

"माझा... कोणी नाही," ती म्हणाली.

"मग रडतेस कशाला?"

"अहो, लहान आहे, बोटीला भ्यायली असेल," बाबाच मधे बोलले. त्यांनी तिच्याकडे डोळे भरून पाहिलं. "गुणाची दिसते हो. कुणाची पोर आहे?"

"माझी," मावशी म्हणाली आणि तिला ओढत बोटीवर घेऊन गेली.