वेट आणि वेट आउट

सोपान गेल्याचा फोन आला तेव्हा मी जेवायला बसलो होतो. म्हसवडहून त्याच्या शेजारणीचा, रखमावहिनींचा फोन. "मास्तर, सोपानभाऊ गेलं वो. खुर्चीतच हायती, हातात फोन हाय." मी म्हणालो, "असं कसं? अकरा वाजता तर बोललो त्याच्याशी." त्या अकराच्या बोलण्याबद्दल मी कुणालाच धड काही सांगितलेलं नाही... आज दीड महिन्यानं सांगतो आहे.

म्हसवडच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. त्याच्या घरी मेंढरं, आमच्या घरी शिवणयंत्र. दहावीला तो इंग्रजीत नापास झाला आणि पुढं सैन्यात गेला. मी पास झालो आणि इस्लामपुरात जन्मभर तोच विषय शिकवला. सैन्यात त्याला वायरलेसच्या सेटवर बसवलं, म्हणजे ज्या भाषेनं त्याला नापास केलं तिच्यावरच त्याचं पोट चाललं. सुट्टीवर आला की मला छळायचा. "मास्तर, पॉज, गॅप, ब्रेक, इंटरवल, समद्याचा अर्थ तुझी पोरं 'मधला वेळ' असाच लिवत्यात. व्हय का न्हाई?" तसंच लिहायची, कारण फळ्यावर मीच तसं लिहून देत होतो. "आरं, ब्रेक म्हंजे फुडं परत सुरू व्हणार. गॅप म्हंजे मदी जागा पडली. भरंल, न्हाईतर न्हाई."

त्याचे लाडके शब्द मात्र दोन होते, वेट आणि वेट आउट. सेटवर बोलताना माणूस नुसतं 'वेट' म्हणाला तर तो लगेच परत बोलणार असतो. 'वेट आउट' म्हणाला तर त्याला वेळ लागणार, नंतर तोच हाक मारणार. निवृत्त झाल्यावरही फोनवर हेच चालायचं. दारात कुणी आलं, दूध वर आलं की "वेट आउट" म्हणायचा, मी फोन ठेवायचो, मग तो पुन्हा लावायचा. या पोरखेळाचा मला वैताग यायचा आणि तो मी लपवतही नव्हतो.

तीन वर्षांपूर्वी त्याची बायको गेली. दहाव्याला काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "जरा ब्रेक घे, चार दिवस इस्लामपूरला ये." तो खाली बघत म्हणाला, "गड्या, ह्यो ब्रेक न्हवं. गॅप हाय." तेव्हापासून रोज अकराला त्याचा फोन यायचा, बहुतेक वेळा सांगण्यासारखं काही नसायचंच.

त्या दिवशी बोअरच्या मोटरीचं काहीतरी रडगाणं चाललं होतं. बोलता बोलता तो "वेट..." म्हणाला आणि थांबला. पलीकडून श्वास ऐकू येत होता, जड. म्हसवडची रेंज कच्ची, पुढचा 'आउट' गिळला गेला असेल असं मी धरून चाललो. खरं सांगायचं तर मला पेपर वाचायचा होता. मी फोन ठेवला. त्याचा परत आला नाही, मीही लावला नाही. रखमावहिनींचा नंबर माझ्या फोनमध्ये होता, त्यांचं दार त्याच्या दारापासून दहा पावलांवर.

डॉक्टर म्हणाले, लवकर कळलं असतं तर काही करता आलं असतं. मातीला गेलो तेव्हा त्याच्या मुलानं, सुनीलनं विचारलं, "काका, शेवटचा फोन तुमालाच दिसतोय. काय म्हणत हुते?" मी म्हणालो, "काही नाही रे, मोटरीचं." त्यानं मान हलवली आणि माझ्यासाठी पाणी आणायला गेला. त्या पाण्याची मला अजून लाज वाटते.

तेराव्याला त्यानंच एक वही माझ्या हातात दिली. "तुमच्या शाळेतल्या पोरांसाठी लिवत हुते. पुरी झाली की मास्तरला दावतो म्हणायचे." ती माझ्या टेबलावर आहे. शिसपेन्सिलीनं लिहिलेली, नापास झालेल्या मुलाच्या अक्षरात. गॅप, हॉल्ट, पॉज, एकेका शब्दाला एकेक ओळ. चौथ्या पानावर लिहिलंय : "वेट – दोन-चार सेकंद. समोरच्यानं सेट सोडून जायाचं न्हाई."

मी गेलो होतो, सुनील. पेपरची ही पुरवणी तू दर रविवारी वाचतोस, म्हणून इथं लिहिलं.